नर्मदाताईला घरी न्यायचं म्हणून

मिठबाव, ११ मे १९५६

ताई,

हे पत्र तुझ्या हातात देतात की नाही, ठाऊक नाही. इस्पितळात वेड्या माणसांची पत्रं आधी कोणीतरी वाचतं म्हणतात. वाचोत. तुला बोटीत बसवून नेल्यापासून या घरात तुझं नाव कोणी घेत नाही. आईच्या तोंडून चुकून निघालं तर दादा, बाप असून, पानावरून उठतात. निदान कागदावर तरी मी ते घेते. नर्मदाताई.

मी बी.ए. झाले. कोल्हापूरला मावशीकडे राहून झाले, हे तुला कोणी सांगितलं नसणार. आता मुंबईच्या एका संस्थेत अर्ज केलाय. समाजकार्याचा दोन वर्षांचा अभ्यास, शेवटी पदवी. कॉलेजात एकदा पाहुण्या बाई बोलायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, वेड लागलेल्या माणसाच्या घरच्यांशी जाऊन बोलणं, त्यांना समजावणं, हेही या शिक्षणातलं काम. मी तिथेच ठरवलं. तुझ्या वेळी आपल्या घरच्यांशी बोलायला कोण आलं? गावचा घाडी आला, त्याने देवाला कौल लावला, कोंबडा घेऊन गेला. वैद्य आले, "बाळंतवात" म्हणाले आणि काढा देऊन गेले. मग तुझ्या सासूने, राधाबाईंनी, तुला पडवीच्या खांबाला बांधलं. पुढचं तुला आठवत नसेल तर बरंच.

दादांना अर्जाचं सांगितलं तर म्हणाले, "समाजकार्य म्हणजे काय गो?"

म्हटलं, "लोकांच्या घरात जाऊन त्यांच्या अडचणी समजून घ्यायच्या."

"दुसऱ्याच्या घरातल्यो भानगडी ऐकूक शिकूचा लागता?" मग बराच वेळ सुपारी कातरत बसले. शेवटी म्हणाले, "शिक. माजी आडकाठी नाय. पण थयसर ह्या घरातला एक अक्षर बोललंस, तर परत हो उंबरो चढा नको."

अर्जात विचारलंय, हे शिक्षण का घ्यावंसं वाटतं. मी लिहिलं, ग्रामीण भागाची सेवा करण्यासाठी.

तुझी तुळसा छान आहे. कुणकेश्वरच्या जत्रेत लांबून पाहिली, राधाबाईंचं बोट धरून होती. नाक अगदी तुझं. भावोजींकडचं विशेष काही नाही.

तुझी सुगंधा


मुंबई, २ जुलै १९५६

ताई,

मला घेतलं. गिरगावात मुलींच्या वसतिगृहात राहते. मुलाखतीला लांब टेबलामागे तीन माणसं होती. सगळं इंग्रजीत. माझं इंग्रजी पुस्तकातलं, तोंडात येईपर्यंत वाळून जातं. मधल्या बाईंनी विचारलं, "घरी कोण कोण?" मी म्हटलं, आई आणि वडील. "भावंडं?"

ताई, मी म्हटलं, "मी एकटीच."

बाहेर येऊन बाकावर बसले. दादांचा शब्द पाळला असं मनाशी म्हणत होते, पण ते खरं नव्हतं. वेड्या बाईची बहीण म्हटल्यावर मला घेणार नाहीत अशी भीती वाटली होती. तुला नाही सांगायचं तर कोणाला सांगू?

सुगंधा


मुंबई, १७ फेब्रुवारी १९५७

ताई,

तू उत्तर लिहीत नाहीस. रागावली असशील. लिहायला कागद देत नसतील. मी दोन्ही धरून चालते.

आठवड्यातले तीन दिवस वर्ग आणि दोन दिवस बाहेर काम असतं. पहिले सहा महिने मला गिरणगावातल्या एका वस्तीत घातलं होतं. तिथे मी काही करू शकले नाही. एका बाईचा नवरा दारू पिऊन मारायचा. मी तिला तिचे हक्क समजावून सांगितले, तिने मला चहा दिला, आणि पुढच्या खेपेला तिचा हात मोडलेला होता. ते सगळं अहवालात लिहिलं. आमच्या बाई, म्हणजे ज्या माझं काम तपासतात त्या, म्हणाल्या, "अहवाल चांगला आहे." मी त्या दिवशी जेवले नाही.

आता मला एका मोठ्या रुग्णालयात मनोविकारांच्या विभागात पाठवतात. आणि काल वर्गात तिथले डॉक्टर शिकवायला आले होते. बाळंतपणानंतर येणाऱ्या वेडाबद्दल बोलले. इतकं साधं बोलले, जणू गोवराबद्दल बोलताहेत. असं होतं, बाईला भलते भास होतात, ती स्वतःला किंवा मुलाला इजा करू शकते, आणि बहुतेक बायका काही महिन्यांत पूर्ण बऱ्या होतात.

मी हात वर केला. विचारलं, "पूर्ण?"

"पूर्ण," ते म्हणाले. "पुन्हा बाळंत झाली तर जपावं लागतं. एरवी ती तुमच्या-माझ्यासारखी."

ताई, तुळसा आता पाचवं वर्ष संपवत आली. तू बरी आहेस का? बरी असशील तर अजून तिथे का आहेस?

सुगंधा


मुंबई, १४ नोव्हेंबर १९५७

ताई,

दिवाळीत तुला भेटून आले आणि अजून भेटतेच आहे असं वाटतं. वर्गात बसलेली असले तरी त्या लांब व्हरांड्यात असते.

तू मला लगेच ओळखलंस. मी तुला ओळखलं नाही. केस इतके बारीक कापलेले, अंगावर तो जाडाभरडा सदरा, आणि हातात विळी. पहाऱ्यावरच्या बाईने बोट दाखवलं तेव्हा मी तुझ्या शेजारच्या बाईकडे पाहत होते. तूच म्हणालीस, "सुगंधा, इतकी बारीक कित्याक झालंस गो? जेवण मिळणा नाय?"

आणि मग लगेच, "चेडू कसा आसा?"

मी म्हटलं, तुळसा छान आहे, तुझी आठवण काढते.

भेट संपल्यावर डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, "या बाई चार वर्षांमागेच बऱ्या झाल्यात. स्वैपाकघर त्यांच्यावर चालतं. न्यायला कोणी येईना. आम्ही दोन्ही घरी कळवलं होतं." दोन्ही घरी, ताई. दादांना माहीत होतं. ते रोज संध्याकाळी देवाला दिवा लावतात, तेव्हाही त्यांना माहीत होतं.

डॉक्टर म्हणाले, जवळच्या नातेवाइकाने जबाबदारी घेतली तर ते तुला सोडतील. मी पदवी घेतली, नोकरी लागली, की मी घेईन. तसं त्यांना सांगून आले.

पण त्याआधी तुला काही सांगायला हवं. तोंडावर सांगवलं नाही. आमच्या बाई म्हणतात, ज्याला मदत करायची त्याच्याशी खोटं बोलू नये. आज ना उद्या ते त्यालाच फेडावं लागतं. तुला आधी नीट बसायला सांगते, ताई. स्वैपाकघरात असशील तर बाहेर जा.

भावोजींनी दुसरं लग्न केलं. तू गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी. दोडामार्गाकडची मुलगी आहे, लक्ष्मी नाव. वाईट नाही म्हणतात. तुळसा तिलाच आये म्हणते. तुळसा तुझी आठवण काढत नाही, कारण तिला सांगितलंय की तिची पहिली आई मेली.

हे मी तुला या पत्रात नाही तर कोणत्या पत्रात सांगणार होते?

सुगंधा


मिठबाव, ९ मे १९५८

ताई,

परीक्षा संपली. प्रबंधही दिला. विषय होता, बरे झालेले मनोरुग्ण आणि त्यांची कुटुंबं. बावीस घरं फिरले त्यासाठी. तेविसाव्या घरी काल गेले, ते प्रबंधात नाही.

कुणकेश्वरला गेले. सुती पांढरं पातळ नेसले, खांद्याला पिशवी, मुंबईत रुग्णांच्या घरी जाताना जशी जाते तशी. कामाला आल्यासारखी गेले तर रडू येणार नाही, असं वाटलं.

राधाबाईंनी पाट दिला, पाणी दिलं, गूळ दिला. मी म्हटलं, "नर्मदा बरी झालीय."

त्या म्हणाल्या, "गेलेला माणूस परत येता काय गो? बारावा घातला आमी तिचा. अख्खो गाव जेवलो."

"ती जिवंत आहे, राधाबाई. मी तिला भेटून आले."

"माका ठावक आसा ती जिती आसा," त्या एकदम हळू बोलायला लागल्या. आतल्या खोलीकडे त्यांचं लक्ष होतं. "पण चेडवाक काय सांगू? चेडवाक घेवन कमरेभर पान्यात गेल्ली ती. रापणीची जाळी ओढणारे नसते तर दोगांयचा मढा हाती लागला असता. मी बघलंय. तू नाय बघलंस. तू इतक्या शिकलंस, माका सांग, पुन्ना तसा होवचा नाय ह्या तू छातीक हात लावन सांगतंस?"

बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात, हे मला माहीत होतं. ते वाक्य मी परीक्षेत लिहून आले होते. पण "बहुतेक" हा शब्द मला त्या पडवीत उच्चारता आला नाही. तोच खांब समोर होता.

भावोजी ओट्यावर नारळ सोलत बसले होते. मी निघाले तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारलं, "बरी आसा?"

"बरी आहे."

"मगे बरी ऱ्हवांदे," म्हणाले आणि पुन्हा सुळ्यावर नारळ मारला.

तुळसा पाणंदीपर्यंत माझ्या मागे आली. तिला माझी पिशवी आवडली. मी तिला काही सांगितलं नाही.

घरी येऊन दादांशी बोलले. शांतपणे बोलले, आवाज चढवला नाही. जे जे शिकले ते सगळं केलं, आधी त्यांचं ऐकून घेतलं. ते म्हणाले, "तिका ह्या घरात आणलंस तर तुका कोण करून घेतलो?" मी म्हटलं, मला लग्न करायचं नाही. ते म्हणाले, "मगे दोन मेल्यो." कातरलेली सुपारी त्यांनी तोंडात न टाकता परत डब्यात ठेवली, ताई. मी त्यांना दुष्ट म्हणू शकत नाही. म्हणता आलं असतं तर सोपं झालं असतं.

आई न्हाणीच्या मागे येऊन मला म्हणाली, "थयसून काढ तिका. सोडव. पण हयसर आणू नको."

उद्या निघते.

सुगंधा


मुंबई, २८ मे १९५८

ताई,

पास झाले. ज्या रुग्णालयात शिकत होते तिथेच समाजसेविका म्हणून घेतलंय. परळला चाळीत एक खोली मिळाली. पावसाने बोटी बंद व्हायच्या आत तुला न्यायला येते. सही मीच करणार आहे, डॉक्टर हो म्हणालेत. आईने तुझ्यासाठी लुगडं दिलंय, हिरवं.

सुगंधा


मुंबई, २३ मार्च १९५९

ताई,

तू इथे होतीस त्या काळात पत्रं लिहायची गरज नव्हती. आता पुन्हा लिहिते.

मी कुठे चुकले ते शोधत बसते. या नऊ महिन्यांत तू हसलीस, भांडलीस, माझ्या भाताला नावं ठेवलीस. चाळीतल्या बायका तुझ्याकडून सोलकढी शिकल्या. दुसऱ्या लग्नाबद्दल फिर्याद करता येते, कायद्याने तो गुन्हा आहे, असं मी सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "आणि मगे? बापूस तुरुंगात गेलो तर चेडवाक कोण जेवक घालतलो?" मला वाटायचं, एवढं शहाणपण असलेल्या बाईला काय होणार आहे. फक्त तू रोज एकच मागायचीस. "माका एकदा दाखव. बोलाचंय नाय. लांबसून बघतंय."

महाशिवरात्रीच्या जत्रेला मी तुला कुणकेश्वरला नेलं. लांबून पाहायचं ठरलं होतं. गर्दीत मी क्षणभर मागे राहिले आणि पाहते तर तू खाजाच्या दुकानापाशी तिच्यापुढे उकिडवी बसलेली.

मी पोचले तेव्हा तुळसा तुला विचारत होती, "तू खंयची?"

"मिठबावची."

"माजी पयली आवस मिठबावची होती. ती दर्यात बुडली."

तू तिच्या हातात खाजाचा पुडा दिलास. "खा बाय. गोड आसा."

आणि राधाबाई आल्या. मला वाटलं, आता त्या ओरडतील, माणसं गोळा होतील. मी मधे पडायला तयार होते. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी तुळसाला मागे घेतलं आणि तुझ्यापुढे हात जोडले. त्या म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "नर्मदा, पाया पडतंय तुज्या. चेडवाक सांगा नको. ता झोपाचा नाय."

तू मान हलवलीस. पदर सावरलास आणि समुद्राकडे पाठ करून चालायला लागलीस. मी तुझ्यामागे धावत आले, काही काही बोलत होते. तू एकच वाक्य बोललीस, देवगडच्या धक्क्यावर, बोटीची वाट बघताना.

"तू लिवलेलंस, नाक माजा म्हणान. नाक तिच्या बापाशीचा आसा."

तेव्हा कळलं की अगदी पहिल्यापासून माझी सगळी पत्रं तुला मिळत होती.

मला नेहमीसारखी बोट लागली. डेकवर आडवी पडले होते, तू माझं डोकं मांडीवर घेतलं होतंस. मग कधीतरी डोक्याखाली पिशवी होती. वाटेतल्या बंदरात होड्या आल्या, माणसं उतरली, माणसं चढली, बोट सुटली. शेजारची म्हातारी म्हणाली, "तुमची भैन उतारली मगे त्या होडयेत. तुमका सांगूक नाय?"

मी कठड्याशी गेले. होडी किनाऱ्याकडे निम्म्यावर गेली होती. हिरवं लुगडं दिसत होतं. मी हाका मारल्या. इंजिनाच्या आवाजात तुला ऐकू आल्या नसतील. आल्याही असतील. तू डोक्यावर पदर घेऊन पाठमोरी बसली होतीस.

मुंबईहून पुढच्याच बोटीने उलट तुझ्या इस्पितळात आले, ते तुला माहीत आहे. तू भेटायला नकार दिलास. डॉक्टर म्हणाले, "त्या स्वतःच्या पायांनी दाराशी आल्या. आम्ही म्हटलं, तुम्ही बऱ्या आहात, इथे कशाला? तर म्हणाल्या, हयसर माका कोण भियत नाय."

त्यांनी मला ते प्रमाण मराठीत समजावून सांगितलं, इथे मला कोणी भीत नाही. मी मुंबईची समाजसेविका एवढंच त्यांच्या लक्षात असावं, मीही मिठबावचीच हे राहिलं नसावं.

सुगंधा


मुंबई, २ मे १९६०

ताई,

काल नवं राज्य झालं. चाळीत रोषणाई केली होती, कोणीतरी पेढे आणून दिले. मी दार लावून बसले होते.

वर्षभर तुला लिहिलं नाही. काय लिहू? रोज सकाळी दहा वाजता माझ्यासमोर घरची माणसं येऊन बसतात आणि मी त्यांना सांगते, तुमचं माणूस बरं झालंय, घरी न्या. काही नेतात. नेलेल्यांतली काही तीन महिन्यांनी परत आणून सोडतात. मागच्या महिन्यात एका तरुणाने मला विचारलं, "तुमच्या घरात असं कोणी असतं तर तुम्ही ठेवलं असतं का?" मी म्हटलं, "ठेवलं होतं." तो म्हणाला, "मग?" मी त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. तो आला नाही.

तुझ्या डॉक्टरांना मी पत्र घालत असते. ते लिहितात, तू हल्ली बोलत नाहीस. स्वैपाकघरात जात नाहीस. खिडकीजवळ बसतेस. औषध देतात, पण आजार असा काही सापडत नाही. असा न सापडणारा आजार आम्हाला दोन वर्षांत कोणी शिकवला नाही.

दादा फाल्गुनात गेले. मला तार आली नाही, आईने गाववाल्याकडून उशिरा निरोप धाडला. तिने हेही सांगितलं की शेवटी शेवटी ते "नर्मदा" म्हणायचे. हे मी तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही. त्याने तुला काय समाधान मिळणार. घडलं म्हणून लिहिते. समाधानासाठी खोटं लिहू नये, हे मी त्या नाकावरून शिकले आहे.

तुझ्या इस्पितळाने पहिल्यांदाच समाजसेविकेची जागा काढली आहे. पगार इथल्याहून कमी. शिकलेल्या बायका तिथे जायला तयार नाहीत, म्हणून दोनदा जाहिरात द्यावी लागली. मी अर्ज केला. यावेळी भावंडं विचारली तेव्हा तुझं नाव सांगितलं, आणि तू त्यांच्याच स्त्रियांच्या विभागात आहेस हेही. तरी त्यांनी मला घेतलं, कारण दुसरं कोणी नव्हतं.

बोटी बंद व्हायच्या आत पोचते. फाटकाजवळची एक खोली देणार आहेत. आई येते का विचारलं होतं, ती नको म्हणाली.

मी तुला बाहेर काढायला येत नाही, ताई. ती उमेद माझ्यात उरलेली नाही. तुला बरं वाटेल असं सांगण्यासारखंही काही जवळ नाही. दिवसातून एकदा मला स्त्रियांच्या विभागात फेरी मारावी लागेल, प्रत्येकीजवळ थोडा वेळ बसावं लागेल. तुझ्याजवळही बसेन. तू तोंड फिरवून घेतलंस तर खिडकीकडच्या बाजूला बसेन. बोलली नाहीस तर वहीत तसं लिहीन आणि पुढच्या बाईकडे जाईन. दुसऱ्या दिवशी परत येईन.

सुगंधा